खाजणातील जीव आणि श्रावकाचे व्रत

सिल्लोडपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या आधाराने पसरलेल्या या तालुक्यात मका, कापूस आणि मिरची यांचे हिशेब चालतात; भरती-ओहोटीचा हिशेब ठेवण्याची वेळ येथे कोणावर येत नाही. तरीही हा तालुका एका अर्थी दोन समुद्रांच्या मध्यावर उभा आहे. या रांगेवर पडणारा पाऊस दोन वाटांनी निघून जातो. उत्तर उतारावरचे पाणी वाघूर नदी घेऊन जाते. ती अजिंठ्याच्या लेण्यांपुढून नालाकृती वळसा घेत खाली उतरते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे खंभातच्या आखाताच्या तोंडाशी अरबी समुद्रात विसावते. दक्षिण उतारावरचे पाणी खेळणेसारख्या नद्यांतून पूर्णेला मिळते, पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते आणि गोदावरी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला.

पाणी एकटे जात नाही. त्याच्याबरोबर शेताच्या बांधावरची काळी माती जाते, डोंगराच्या झिजेची बारीक रेव जाते. नदी समुद्राजवळ आली की तिचा वेग मंदावतो, गोड्या पाण्यात खारे पाणी मिसळते आणि सूक्ष्म मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. शतकानुशतके असे थर साचत गेले की खाडीच्या आणि आखाताच्या कडेला मऊ चिखलाची विस्तीर्ण सपाटी तयार होते. भरतीच्या वेळी ती पाण्याखाली असते, ओहोटीला उघडी पडते. कोकणात खाडीकाठच्या अशा जमिनीला खाजण म्हणतात. ज्याला ती ठाऊक नाही त्याला ती निरुपयोगी दलदल वाटते. जुन्या दप्तरांतही अशा जमिनींची गणना बहुधा पडीक म्हणून झाली. हा ‘पडीक’ शब्द किती चुकीचा आहे, आणि श्रावकाच्या आचाराशी त्याचा संबंध किती जवळचा आहे, याचा विचार समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनीही करावा असा आहे.

मराठवाड्यातील वाचकाला खाजण समजून घेण्यासाठी पैठणचा नाथसागर डोळ्यांपुढे आणता येईल. हिवाळा सरू लागला की जायकवाडीचे पाणी मागे हटते, काठावर ओला गाळ उघडा पडतो, शेतकरी त्यात गाळपेर करतात आणि त्याच गाळात दूरदेशीचे पक्षी चोची खुपसून भक्ष्य शोधतात. १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या जलाशयावर रोहित पक्ष्यांचे थवेही येतात. धरणाच्या काठी वर्षातून एकदा जे घडते, ते समुद्रकाठी दिवसातून दोनदा घडते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

ही गती तिथीशी बांधलेली आहे. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येते आणि उधाणाची मोठी भरती येते. अष्टमीच्या आसपास ते परस्परांशी काटकोनात असते, तेव्हा भरती लहान राहते. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगतात. जैन आगमांतील लवणसमुद्राच्या वर्णनातही पर्वतिथींना पाणी वाढते असे म्हटले आहे आणि त्याचे कारण म्हणून पाताळकलशांतील वायूची कल्पना मांडली आहे. कारणमीमांसा काळाप्रमाणे बदलली. समुद्राचे पाणी तिथीबरोबर वाढते-घटते हे निरीक्षण मात्र किती जुने आहे ते यावरून कळते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य करणाऱ्या घरातील पंचांग आणि खाजणातील जीवांचे पंचांग एकाच चंद्रावर चालते.

या चिखलात कोण राहते, हे जैन जीवविचाराच्या क्रमाने पाहिले तर चित्र सहज उलगडते. माती आणि पाणी हे स्वतःच पृथ्वीकाय आणि अप्काय जीवांचे आश्रय. त्यावर शेवाळाचा आणि सूक्ष्म वनस्पतींचा पातळ, सोनेरी-तपकिरी थर असतो. डायाटम नावाचे हे सूक्ष्मजीव ओहोटी लागताच उन्हासाठी चिखलाच्या पृष्ठभागावर सरकतात आणि भरती येण्यापूर्वी पुन्हा आत जातात. त्यांना घड्याळ कोणी दिलेले नाही. पण त्यांची वेळ चुकत नाही. त्यांच्या खाली द्वीन्द्रिय जीवांची वस्ती आहे: नाना जातींचे कृमी, शंख, शिंपले. एक चौरस मीटर चिखलात असे लहान जीव हजारोंच्या संख्येने असू शकतात. पृष्ठभागाच्या थोडेसेच खाली प्राणवायू जवळजवळ संपलेला असतो. तेथील चिखल काळा असतो आणि त्याला कुजका वास येतो. पुष्कळांना तो घाणीचा वास वाटतो, परंतु गंधकयुक्त वायूचा तो नैसर्गिक वास असतो. कृमी आपल्या बिळांतून पाणी खेळवतात, त्यामुळे हा चिखल श्वास घेतो. त्यावर चतुरिंद्रिय कीटक घोंगावतात. निवटी नावाचा मासा ओहोटीत उघड्या चिखलावर उड्या मारीत फिरतो. आणि या सर्वांच्या आधारावर पंचेंद्रिय पक्षी उतरतात.

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात जीवांनी परस्परांना उपकारक होणे हे जीवांचे कार्यच मानले आहे. खाजण हे त्याचे रोजचे उदाहरण आहे. नदी गाळ देते, गाळ सूक्ष्म वनस्पतींना आधार देतो, त्या कृमी-शिंपल्यांचे पोषण करतात. भरतीचे पाणी अन्न आत आणते आणि नको ते बाहेर नेते. चिखलाचा उथळ उतार लाटेचा जोर मोडतो, म्हणून मागची वस्ती सुरक्षित राहते. त्याच्या थरांत कर्ब शतकानुशतके गाडलेला राहतो. या साखळीतून एक कडी काढली की उरलेल्या कड्या आपोआप सैल पडतात.

महाराष्ट्रात हा विषय सर्वांत ठळकपणे समोर येतो तो ठाणे खाडीत. मुंबई आणि नवी मुंबई यांच्या मधल्या या खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर राज्यातील हे तिसरे रामसर स्थळ. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत येथे रोहित पक्षी मोठ्या संख्येने असतात. लहान रोहित आपली वाकडी चोच उलटी करून पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीतील गाळणीने सूक्ष्म शेवाळ वेगळे करतो. त्याचा गुलाबी रंगही याच अन्नातून येतो. शहरांच्या सांडपाण्यातील पोषक द्रव्यांमुळे खाडीत शेवाळ वाढले आणि त्यामुळेही रोहितांची संख्या वाढली असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणून गुलाबी थवा दिसला म्हणजे खाडी निरोगी आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

२०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने येथील सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी यंत्रे बसविली. त्यांच्या प्रवासातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी, की पावसाळ्याच्या सुमारास हे पक्षी गुजरातकडे जातात. त्यांच्या मुक्कामांत खंभातच्या आखाताकाठचा भावनगरचा परिसरही आहे. पालिताण्याच्या यात्रेला निघालेला श्रावक आणि ठाणे खाडीतून उडालेला रोहित एकाच जिल्ह्यात उतरतात, आणि त्या आखाताला गाळ पुरविणाऱ्या नद्यांत सिल्लोडच्या उत्तर उताराचे पाणी नेणारी तापीही आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ओहोटीच्या वेळी पक्षी खाडीच्या चिखलावर चरतात. परंतु भरतीत चिखल बुडाला की त्यांना उभे राहण्यासाठी उथळ पाण्याची दुसरी जागा लागते. ती जागा नवी मुंबईच्या काठावरच्या पाणथळीत आहे. अभयारण्याची सीमा नकाशावर आखता येते, पण पक्ष्याचे घर त्या सीमेच्या आत पुरे होत नाही. भोजनशाळा राखली आणि विश्रांतीचे ठिकाण बुजविले, तर पाहुणा टिकणार नाही.

येथे एक न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. किनारा कधीच स्थिर नव्हता. खंभात हे एके काळी पश्चिम भारतातील वैभवशाली बंदर होते. स्तंभन पार्श्वनाथाचे हे तीर्थ. हेमचंद्राचार्यांची दीक्षाही तेथेच झाली असे परंपरा सांगते. जैन व्यापाऱ्यांची जहाजे तेथून दूर देशी जात. आखाताच्या शिरोभागी गाळ साचत गेला, मोठी जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार सुरतेकडे सरकला. त्यात कोणाचा दोष नव्हता. ठाणे खाडीतही आज असे एक परिवर्तन चालू आहे: वाढत्या गाळावर तिवरांचे जंगल पुढे सरकते आणि उघडा चिखल कमी होतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभरातील कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये त्याच्या रक्षणाचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला. २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्षही आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु झाड दिसते म्हणून त्याला रक्षक मिळतो. उघडा चिखल रिकामा दिसतो म्हणून त्याच्या बाजूने बोलणारे थोडे असतात.

निसर्गाने केलेला बदल शतकांचा असतो. मनुष्याने केलेला एका हंगामाचा. १९८४ ते २०१६ या काळातील उपग्रहचित्रांचा जागतिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या किनाऱ्यांची पुरेशी माहिती मिळाली तेथील भरती-ओहोटीच्या सपाटीपैकी सुमारे १६ टक्के क्षेत्र या काळात नाहीसे झाले होते. दक्षिण कोरियात सेमनगम येथे ३३.९ किलोमीटर लांबीचा समुद्री बांध घालून २००६ मध्ये एक अतिविशाल चिखलसपाटी समुद्रापासून तोडण्यात आली आणि तेथे थांबणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटली. अशा थांब्यांचे मोल पक्ष्यांच्या उड्डाणांवरून कळते. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीच्या एका पक्ष्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कोठेही न उतरता पार केले. असा प्रवास करणारा जीव निघण्यापूर्वी चिखलातील अन्नावर अंगात चरबी साठवतो. ते अन्न नसेल तर प्रवास सुरूच होत नाही. त्याच कोरियातील दुसऱ्या काही चिखलसपाट्यांना २०२१ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, हेही नमूद करावयास हवे. देशाची दृष्टी बदलू शकते.

बदलाचा दुसरा मार्ग नदीतून येतो. वाघूरवर धरण आहे, तापीवर उकाई आहे, पूर्णेवर येलदरी आहे, पुढे गोदावरीवर श्रीरामसागर आहे. या धरणांनी पिण्याचे पाणी दिले, शेती दिली. त्यांच्याशिवाय आजचे जीवन चालणार नाही. पण जो गाळ समुद्रकाठी जावयाचा तो धरणांच्या पोटात अडकतो. गोदावरीच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या शेजारी, १९७८ पासून कोरिंगा अभयारण्य आहे. अशा त्रिभुज प्रदेशाला गाळाचा नित्य पुरवठा मिळाला नाही, तर समुद्र त्याचा काठ खाऊ लागतो. म्हणजे खाजणाच्या जमाखर्चात जमेची बाजू डोंगरमाथ्यावरून आणि खर्चाची बाजू समुद्राकडून लिहिली जाते.

आता नवी मुंबईकडे पुन्हा वळावे, कारण आपल्या घरांशी त्याचा संबंध येथेच येतो. नेरूळ-सीवूड्सच्या काठी सुमारे ३० एकरांचा एक तलाव आहे. भरतीत खाडी भरली की रोहित तेथे येऊन उभे राहतात. या तलावात समुद्राचे पाणी येण्याचे मार्ग बांधकामामुळे बंद झाले, तळे कोरडे पडू लागले आणि २०२४ मध्ये त्या परिसरात काही रोहित मृत आणि जखमी आढळले. कोणी त्यांच्यावर शस्त्र उगारले नव्हते. पाणी तेवढे अडले होते. नागरिकांनी आणि पर्यावरणप्रेमींनी आवाज उठविला, चौकशी झाली, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या एका विमानाला थवा धडकून जवळजवळ चाळीस रोहित मरण पावले, ती बातमी सर्वांच्या स्मरणात राहिली. तळे सुकण्याची बातमी मात्र थोड्यांनीच वाचली असेल.

श्रावकाचाराच्या ग्रंथांत पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रातही त्यांचे विवेचन केले. ज्या व्यवसायांत जीवहिंसा अटळ आणि विपुल, ते श्रावकाने करू नयेत. त्यांत वन तोडण्याचा व्यवसाय आहे, आग लावण्याचा आहे, विषाचा आहे. आणि सरोवर, डोह, तलाव यांचे पाणी सुकविणे, म्हणजे सर-शोष, हेही आहे. प्रतिक्रमणात हा शब्द उच्चारला जातो आणि बहुतेकांच्या मनात तो जुन्या काळातील कोणा दुसऱ्याचा धंदा म्हणून निघून जातो. ज्यांनी हे नाव यादीत घातले त्यांनी एक सूक्ष्म गोष्ट ओळखली होती. पाण्याच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवांना मारण्यासाठी त्यांना हात लावावा लागत नाही. पाणी काढून घेतले की पुरे. भरतीचा मार्ग बुजविणे हा आजचा सर-शोष आहे.

प्रश्न अवघड होतो तो येथून. सिल्लोडसारख्या गावांतील अनेक घरांतील मुले-मुली नवी मुंबईत नोकरी करतात. त्यांना राहण्यास घर हवे, आई-वडिलांना बाजारातील दोन पैसे त्यांच्या घरात घालावयाचे असतात. शहराला विमानतळ हवा, पूलही हवा, २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीच्या त्याच चिखलावरून २०२४ पासून लाखोंना घेऊन जातो. मनुष्याच्या गरजेला दोष देणे सोपे आणि अन्यायाचे आहे. शिवाय घर घेणारा स्वतः भराव टाकीत नाही. पण जैन विचारात करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे तीन वेगळे नाहीत. खाडीकाठी भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतीतील गाळा नफ्यासाठी घेतला, तर पैसा करविण्याच्या आणि अनुमोदनाच्या खात्यात जमा होतो. खिडकीतून फ्लेमिंगो दिसतात अशा जाहिरातीवर अधिक दर मोजला जातो. त्या इमारतीनेच पक्ष्यांची जागा घेतली असेल, तर तो दर कशाचा, याचे उत्तर कोणालातरी द्यावे लागेल.

यावर उपाय विचारण्यात आहे, आणि विचारणे कठीण नाही. कर्ज देताना बँक जमिनीच्या मालकीचा शोध घेते. तिच्या पाण्याचा शोध घेत नाही. तो ग्राहकाने घ्यावा. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवनाबरोबर जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलसपाट्याही सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात आहेत आणि या क्षेत्रांचे नकाशे शासनाने तयार केलेले आहेत. प्रकल्पाची कागदपत्रे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. हा भूखंड भरावाचा आहे काय, भरतीचे पाणी पूर्वी येथे येत होते काय, ते आता कोठून जाते, हे तीन प्रश्न व्यवहारापूर्वी विचारले तर बांधकाम व्यावसायिकालाही कळेल की ग्राहक याची किंमत करतो. पाचव्या अणुव्रतात क्षेत्र आणि वास्तू यांचे परिमाण ठरवावयाचे असते. राहण्याचे घर वेगळे आणि गुंतवणुकीचे तिसरे घर वेगळे. चातुर्मासात परिमाण घेताना हा भेद करता येईल.

सोळाव्या शतकात हीरविजयसूरी अकबराच्या दरबारी गेले. त्यांच्या उपदेशाने बादशहाने पिंजऱ्यातील पक्षी मुक्त केले आणि फतेहपूर सिक्रीच्या मोठ्या तलावातील मासेमारी बंद केली. आचार्यांनी जीवांबरोबर त्यांचे पाणीही मागितले होते, ही त्या प्रसंगातील लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे.

सिल्लोडमध्ये राहणाऱ्यालाही करण्यासारखे आहे. खेळणेच्या आणि इतर प्रकल्पांच्या मागे हटत्या काठावर हिवाळ्यात पक्षी उतरतात; त्या काठावर कचरा आणि औषधांचे रिकामे डबे पडू नयेत, एवढी काळजी दुकानदार आणि शेतकरी मिळून घेऊ शकतात. मिरचीवर फवारलेले विष ओढ्यात धुतले गेले तर ते वाघूरने किंवा पूर्णेने पुढेच जाणार. पाठशाळेतील मुलांना द्वीन्द्रिय जीवांची नावे पाठ असतात. त्यांना एकदा नाथसागराच्या ओल्या गाळाशी नेऊन ते जीव प्रत्यक्ष दाखवावेत. शंख आणि कृमी हे पुस्तकातील शब्द राहिले तर त्यांच्याविषयीची दया केवळ पाठांतरात राहते. ज्या मुलाने ओल्या गाळातील इवलेसे बीळ आणि त्याच्या तोंडाशी हललेले पाणी पाहिले आहे, तो पुढे नवी मुंबईत घर घेताना निदान तीन प्रश्न विचारील.